फेरोचा कोड नावावर नाही, पृथक्करणावर ठरतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेरो मिश्रधातूंच्या, म्हणजे पोलाद करताना टाकायच्या लोहयुक्त मिश्रधातूंच्या, आयातीविषयी ज्या बातम्या येतात, त्यांत ‘फेरोवर पाच टक्के ड्यूटी’ हे एक वाक्य ठरलेले असते. भट्टीवाल्यांच्या निवेदनात ‘ती वाढवा’ असते, रोलिंग मिलवाल्यांच्या निवेदनात ‘ती काढा’. विदर्भातल्या डोंगरी बुजुर्ग, चिखला, कांद्री, मनसर, गुमगाव इथल्या खदानींतून निघालेले मँगनीज ज्या भट्ट्यांत जाते, त्या पट्ट्यात ही चर्चा तुमसरच्या चहाच्या टपरीवरही चालते आणि तिथेही टक्क्यावरच अडून बसते. टक्का हा हिशोबातला शेवटचा आकडा आहे. त्याआधी माल सीमाशुल्क दरपत्रकाच्या कोणत्या कोडात बसतो आणि तो कोणत्या देशात वितळला, हे दोन प्रश्न सुटावे लागतात. खरा पैसा तिथे हलतो. त्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

सीमाशुल्क दर कायदा १९७५चा. त्याच्या दरपत्रकातले प्रकरण ७२ लोखंड-पोलादाचे आणि त्यातले शीर्षक ७२०२ फेरो मिश्रधातूंचे. पण ‘फेरो’ कशाला म्हणायचे, हे विकणाऱ्याच्या बिलावरून ठरत नाही. ते प्रकरणाच्या तोंडाशी असलेल्या टीप १मधल्या ‘सी’ कलमावरून ठरते. माल ढेपा, तुकडे, दाणे किंवा भुकटी अशा रूपात हवा. दुसरा मिश्रधातू करताना टाकायचा, किंवा पोलादातला ऑक्सिजन वा गंधक काढायचा, असा त्याचा नेहमीचा वापर हवा. ठोकून आकार देण्याजोगा तो सहसा नसतो. त्यात लोह वजनाने किमान ४ टक्के हवे. शिवाय क्रोमियम १० टक्क्यांहून जास्त, मँगनीज ३०हून जास्त, फॉस्फरस ३हून जास्त, सिलिकॉन ८हून जास्त, किंवा कार्बन सोडून इतर मूलद्रव्ये मिळून १०हून जास्त, यांपैकी एक तरी अट पुरी व्हावी लागते. त्या ‘इतरां’त तांबे असेल तर ते १०च्या वर चालत नाही.

या रेघांच्या अलीकडे-पलीकडे माल सरकला की शीर्षकच बदलते. मँगनीज ६हून जास्त पण ३०च्या आतच असलेले लोह-कार्बन म्हणजे स्पीगेल, ते पिग आयर्नसोबत ७२०१मध्ये जाते. फ्लेक मँगनीजमध्ये लोह नावालाच असते, ते ८१११मध्ये. सिलिकॉन मेटल २८०४मध्ये. भुकटी केली किंवा भुकटीच्या विटा पाडल्या म्हणून मात्र काही बदलत नाही, कारण टीपेत भुकटी आणि विटा दोन्ही धरल्या आहेत. ‘फाइन्स (चुरा) आहेत, म्हणून स्क्रॅपच्या कोडात टाका’ असे सांगणारे दलाल भेटतात. त्यांच्या नादी लागू नये.

आता ७२०२च्या आत शिरू. इथे उपशीर्षकाची टीप २ लागते आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. वर दिलेल्या किमान मर्यादांपैकी एकच मूलद्रव्य ओलांडत असेल, तर माल दुहेरी मिश्रधातू. दोन ओलांडत असतील, तर तिहेरी. तीन ओलांडत असतील, तर चौहेरी. लोह त्यात आहेच. प्रयोगशाळेचा एक दाखला समोर धरा: मँगनीज ६०.४, सिलिकॉन १४.८, कार्बन २.१, फॉस्फरस ०.२८, बाकी लोह. मँगनीज ३०च्या वर, सिलिकॉन ८च्या वर, म्हणजे दोन. लोह २२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीही अट पुरी. हा फेरो सिलिको मँगनीज, ७२०२ ३० ००. बाजारात ज्याला नुसते ‘सिलिको’ किंवा ‘साठ-चौदा’ म्हणतात तो हाच माल.

याच मालात सिलिकॉन ७.६ निघाले तर? भट्टी थंड चालली, कोक कमी पडला, किंवा उरलासुरला माल पुन्हा वितळवून विकला, की असा लॉट निघतो. विकणारा त्याला ‘ऑफ-ग्रेड सिलिको’च म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने तो फेरो मँगनीज झाला, कारण आता एकच मूलद्रव्य मर्यादेच्या वर आहे. आणि सिलिकॉन घटले की या धातूत कार्बन जास्त विरघळतो, हे भट्टीवर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणजे कार्बन २च्या वर जाणार आणि माल ७२०२ ११ ००मध्ये पडणार. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर मात्र ७२०२ ३० छापलेले असणार. पुढची दोन-चार पत्रे आणि बँक गॅरंटी तिथूनच सुरू होते.

फेरो मँगनीजमध्ये रेघ कार्बनची. २ टक्क्यांहून जास्त असेल तर ७२०२ ११, नाही तर ७२०२ १९. हाय कार्बन मालात कार्बन ६ ते ८ असतो, तिथे प्रश्न येत नाही. मीडियम कार्बनच्या दाखल्यावर मात्र ‘कार्बन २.० कमाल’ असे लिहिलेले सापडते. हा करारातला कमाल आकडा झाला, तपासणीत निघालेला नव्हे. आणि कायदा ‘२हून जास्त’ म्हणतो, तेव्हा नेमका २.० आला तर माल १९मध्येच बसतो. फेरो क्रोममध्ये हीच रेघ ४ टक्के कार्बनवर आहे (७२०२ ४१ आणि ४९), फेरो सिलिकॉनमध्ये ५५ टक्के सिलिकॉनवर (७२०२ २१ आणि २९). दर दोन्हीकडे सारखा असला तरी या रेघा बिनकामाच्या नाहीत. कोणत्या करारात कोणत्या कोडाला सवलत, हे याच आकड्यांवर ठरते. आयातीची सरकारी आकडेवारी याच आकड्यांवर गोळा होते. उद्या कोणी डम्पिंगची तक्रार केली तर तीही याच आकड्यांवर उभी राहील.

हिंगणा-बुटीबोरीच्या फाउंड्र्यांना सर्वांत जास्त चटका बसतो तो नोड्युलायझरच्या कोडाने. एसजी आयर्न (गोल कणांच्या ग्राफाइटचे ओतीव लोखंड) करताना लॅडलच्या, म्हणजे रस ओतायच्या भांड्याच्या, तळाशी टाकतात तो फेरो सिलिकॉन मॅग्नेशियम: सिलिकॉन ४५, मॅग्नेशियम ६, कॅल्शियम १, रेअर अर्थ १, बाकी बहुतेक लोह. नावात मॅग्नेशियम आहे म्हणून एजंट ‘इतर’चा ७२०२ ९९ लावून मोकळा होतो. पण टीप २ पुढे असेही सांगते, की ‘इतर मूलद्रव्ये’ मोजताना प्रत्येकाने स्वतः १० टक्के ओलांडले पाहिजेत. मॅग्नेशियम ६ आहे, म्हणजे ते मोजायचेच नाही. उरला दुहेरी मिश्रधातू, सिलिकॉन ५५च्या आत. कोड ७२०२ २९ ००. इनॉक्युलंटचेही (ओतीव लोखंडाच्या रसात ओतण्याआधी टाकायच्या मिश्रधातूचेही) तसेच. त्यात बेरियम किंवा झिर्कोनियम दोन-तीन टक्के असले आणि सिलिकॉन ७०च्या पुढे असले, तर तो ७२०२ २१ ००. पिशवीवर कोणते ब्रँडनाव छापले आहे, याला इथे काडीची किंमत नाही.

कॅल्शियम सिलिसाइडमध्ये खरी कसोटी लागते. सिलिकॉन ५८, कॅल्शियम ३०, लोह ५ असेल, तर सिलिकॉन आणि कॅल्शियम दोन्ही वर, म्हणजे तिहेरी. त्या नावाचे वेगळे उपशीर्षक नाही, म्हणून ७२०२ ९९. लोह ३.६ असेल, तर तो फेरो मिश्रधातू उरतच नाही. तो प्रकरण २८मध्ये, शीर्षक २८५०मध्ये जातो. फरक दीड टक्क्याच्याही आतला. डीऑक्सिडायझर (ऑक्सिजन काढणारा) म्हणून येणारे सिलिकॉन कार्बाइड तर मुळातच रसायन आहे, त्याचे शीर्षक २८४९. वापर एकच असला तरी कोड एक होत नाही.

हे आकडे प्रयोगशाळेत कसे येतात, हे न पाहता कोडावर भांडण्यात अर्थ नाही. नमुना पडतो तो बहुधा वरच्या जम्बो बॅगेतून, हात पोचेल तिथून. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २५ टन माल, एकेक टनाच्या पिशव्या. बंदरापासून नागपूरच्या कंटेनर डेपोपर्यंत रेल्वेने हादरे खात येताना चुरा खाली बसतो आणि जाड ढेपा वर राहतात. चुऱ्यात स्लॅगची कातडी जास्त, म्हणून त्यात मँगनीज कमी लागते. ढेपांचे पृथक्करण वेगळे, चुऱ्याचे वेगळे. निम्म्या तरी पिशव्यांतून, वरून-मधून-खालून माल काढावा, सगळा मिळून जॉ क्रशरमधून काढावा, चौथाई करत करत किलो-दोन किलोवर आणावा आणि मगच बारीक दळावा. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४४खाली अधिकारी नमुना काढतात, तेव्हा आयातदाराचा माणूस तिथे हजर असावा आणि सीलबंद जोडनमुना त्याने मागून घ्यावा. नंतर कितीही पत्रे लिहिली तरी तो क्षण परत येत नाही.

दळण्याचे भांडेही बघावे. कॅल्शियम सिलिसाइड लोखंडी खलात कुटले तर खलाचेच लोह त्यात उतरते. ३.६चे ४.१ व्हायला तेवढे पुरते आणि रसायनाचा फेरो होऊन बसतो. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलेला नमुना आणि लोखंडी खलातला नमुना शेजारी ठेवून लोह काढले की हे दिसते. फेरो सिलिकॉनच्या बाबतीत चूक दुसरीकडे होते. तो साध्या आम्लात विरघळत नाही, सोडियम पेरॉक्साइडसोबत निकेल किंवा झिर्कोनियमच्या मुशीत वितळवावा लागतो. मग पर्क्लोरिक आम्लात आटवून सिलिका वेगळी करायची, जाळायची, तोलायची, हायड्रोफ्लोरिकने उडवायची आणि पुन्हा तोलायची. घाईत एकदाच आटवले तर थोडी सिलिका गाळातून निसटते आणि सिलिकॉन कमी भरते. एक्सआरएफवाल्यांचे (क्ष-किरण यंत्राने पृथक्करण करणाऱ्यांचे) दुखणे निराळे. धातूची भुकटी आधी नीट ऑक्सिडाइझ न करता काचमणी करायला घेतली, तर प्लॅटिनमची मूसच खराब होते. म्हणून काही जण मणी न करता दाबलेल्या भुकटीवर आकडा काढतात आणि तो दाण्याच्या आकाराप्रमाणे हलतो. हे खरेच, की बहुतेक मालाला या चुकांनी कोड बदलत नाही. साठ-चौदाचे सिलिकॉन ८ आणि १४च्या मधे कितीही डुलले तरी ते सिलिकोच. पण रेघेवरच्या मालाला ही चूक महागात जाते, आणि किमतीला तर प्रत्येक मालात.

किंमत अशी, की मँगनीजचा व्यवहार बहुधा ‘बेस टक्का, पुढे प्रमाणात’ असा होतो. बेस ७५, आणि उतरल्यावरच्या पृथक्करणात ७३.८ निघाले तर बिल तेवढ्या प्रमाणात खाली. म्हणजे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे द्यायचे आयातीचे घोषणापत्र) भरताना हातात असलेले बिल कच्चे असते. कलम १४ प्रमाणे शुल्क लागते ते व्यवहारमूल्यावर, आणि ते तर अजून ठरायचे असते. अशा वेळी कलम १८खाली तात्पुरते मूल्यांकन मागावे, करारातले ते कलम जोडावे आणि पक्के बिल आल्यावर ते अंतिम करून घ्यावे. कच्च्या बिलावरच मूल्यांकन संपवले आणि नंतर किंमत वाढली, तर ती दडवल्याचा शिक्का बसतो. कमी झाली, तर परतावा मागत बसावे लागते. बिल ऑफ एंट्री माल पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते, हेही लहान आयातदार विसरतात आणि रोजचा उशिराचा दंड भरतात.

फेरो सिलिकॉन मागवणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी. सिलिकॉन ३० ते ९०च्या आत असलेला फेरो सिलिकॉन धोकादायक मालात मोडतो, यूएन क्रमांक १४०८. ओल लागली की त्यातून हायड्रोजन आणि विषारी फॉस्फीन सुटतो. पावसाळ्यात गळक्या कंटेनरमधून आलेला माल उघडताना दार उघडे ठेवून थांबावे, लगेच आत माणूस घालू नये. कागदावर ही नोंद नसली की माल बंदरात अडकतो, आणि कोड बरोबर असूनही डिटेन्शन आणि डेमरेज (कंटेनर आणि माल अडकल्याचे भाडे) चढत राहते.

आता टक्क्याकडे येऊ. हिशोबापुरता सिलिकोचा सीआयएफ (विमा आणि जहाजभाडे धरून) भाव टनाला ८५,००० रुपये धरा, माल २५ टन. मूल्य २१,२५,००० रुपये. ५ टक्के मूळ सीमाशुल्क १,०६,२५० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १०,६२५. दोन्ही मिळवून २२,४१,८७५ आणि त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ४,०३,५३७.५०. सरकारी तिजोरीत एकूण ५,२०,४१२.५०, म्हणजे मूल्याच्या जवळपास साडेचोवीस टक्के. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण आयजीएसटीची वजावट नोंदणीकृत कारखान्याला मिळते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या लहान फाउंड्रीला ती मिळत नाही, तिला सगळा भार पडतो. बाकीच्यांचा खरा खर्च १,१६,८७५ रुपये, टनाला ४,६७५.

हे ४,६७५ रुपये कोणाला किती लागतात, ते बघण्यासारखे आहे. सळईच्या पोलादाला टनामागे साधारण ८ ते १२ किलो सिलिको लागतो. १० किलो धरला तर टनभर पोलादात ड्यूटीचा वाटा पावणेसत्तेचाळीस रुपये. रोलिंग मिलवाल्याने एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत ओरड करावी असे त्यात काही नाही. उलट भट्टीवाल्याचे बघा. एक टन सिलिको काढायला सुमारे ४,००० युनिट वीज जळते. ४,६७५ला ४,०००ने भागा. युनिटमागे एक रुपया सतरा पैसे. विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना २०१६पासून दिलेल्या वीज सवलतीवर ज्या भट्ट्या तगल्या, त्यांच्यासाठी ही रक्कम भट्टी चालू ठेवायची की थंड करायची एवढी मोठी आहे. दोन्ही बाजू एकाच टक्क्यावर भांडतात, पण एकाच्या हिशोबात तो सत्तेचाळीस रुपये आहे आणि दुसऱ्याच्या हिशोबात विजेचे बिल.

आणि हा टक्का सगळ्यांना लागतोच असेही नाही. भूतानचा फेरो सिलिकॉन भारत-भूतान व्यापार कराराखाली शुल्काविना येतो. मलेशियात, सारवाकच्या जलविजेवर चालणाऱ्या भट्ट्यांतला माल आसियान (आग्नेय आशियाई देशांच्या) कराराच्या सवलतीत येतो. त्या करारात मूळ देश ठरवताना दोन अटी एकदम पाहतात: जहाजावर चढवतानाच्या किमतीत ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशातले हवे, आणि कच्च्या मालाचा सहा आकडी कोड तयार मालाहून वेगळा हवा. आफ्रिकेचे खनिज (२६०२) मलेशियात वितळवून सिलिको (७२०२ ३०) केला तर दुसरी अट सहज पुरी होते. तिसऱ्याच देशातला तयार सिलिको तिथे उतरवून फोडला, चाळला आणि नव्या पिशव्यांत भरला, तर कोड तोच राहतो. तो माल तिथला होत नाही, प्रमाणपत्र कितीही सुबक असो.

२१ सप्टेंबर २०२०पासून लागू झालेल्या नियमांनी आणि कायद्याच्या कलम २८डीएने मूळ देश सिद्ध करण्याचे ओझे आयातदारावर टाकले आहे. ‘पुरवठादाराने प्रमाणपत्र दिले होते’ एवढे म्हणून सुटका नाही. फॉर्म १मध्ये उत्पादनाची प्रक्रिया, कच्चा माल कुठला, मूल्याचा वाटा किती, ही माहिती आयातदाराकडे आधीपासून असायला हवी आणि पाच वर्षे जपायला हवी. अधिकाऱ्याने मागितली तर दहा कामाच्या दिवसांत द्यावी लागते. नागपूरहून मलेशियाला मेल टाकून भट्टीचा चार्ज-शीट (भट्टीत काय किती टाकले त्याचा तक्ता) दहा दिवसांत येईल, या भरवशावर राहू नये. करार करतानाच तो मागावा. बिल सिंगापूरच्या व्यापाऱ्याचे आणि माल मलेशियाचा असेल, तर प्रमाणपत्रावर तिसऱ्या देशाच्या बिलाची नोंद आहे की नाही ते पाहावे. सवलत नाकारली गेली तर फरकाची रक्कम आणि त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज. सरळ चुकीत मागणी दोन वर्षे मागे जाते, दडवणूक ठरली तर पाच वर्षे. चूक स्वतःच लक्षात आली आणि दडवणूक नसेल, तर नोटीस येण्याआधी शुल्क-व्याज भरून टाकणे शहाणपणाचे, कारण मग दंड लागत नाही.

कोड बदलला की दर बदलतो, याचे ठळक उदाहरण फेरो निकेलचे. त्यावरचे अडीच टक्के मूळ शुल्क मे २०२२मध्ये काढले, त्याच वर्षी नोव्हेंबरात परत लावले आणि जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात पुन्हा काढले. शेजारच्या फेरो मँगनीजला त्यातले काही मिळाले नाही. स्टेनलेसवाले खूश झाले ते त्या एका कोडावर. त्यातही निकेल ८ टक्केच असलेले निकेल पिग आयर्न, ज्यात इतर मूलद्रव्ये मिळून १०च्या वर जात नाहीत, ते फेरो निकेल होत नाही, ७२०१मध्ये राहते.

आता आमच्या पट्ट्याची खरी तक्रार. विदर्भातल्या बऱ्याच खनिजात फॉस्फरस जास्त असतो. पोलादवाल्यांना तो नको असतो, म्हणून भट्टीत दक्षिण आफ्रिका, गॅबन किंवा ऑस्ट्रेलियाचे खनिज मिसळावे लागते. त्या आयात खनिजावर वर्षानुवर्षे अडीच टक्के मूळ शुल्क चालत आले आहे, अधिभारासह पावणेतीन. एक टन सिलिकोला असे सव्वा टन खनिज लागले आणि त्याचा भाव टनाला १५,००० धरला, तर सुमारे ५१५ रुपये शुल्क फक्त खनिजात गेले. तोच खनिज परदेशी भट्टीत वितळून सिलिको होऊन सवलतीत आला, तर शून्य. कच्च्या मालावर कर आणि तयार मालावर माफी, अशी ही उलटी शुल्करचना आहे. ५१५ रुपये हे ४,६७५च्या मानाने थोडे वाटतील. पण ४,६७५ची भिंत ज्या मालाला आडवी येतच नाही, त्याच्याशी स्पर्धा करताना हे ५१५ निव्वळ तोट्यात जातात. चंद्रपूरला सेलचा जो फेरो कारखाना आहे, २०११पर्यंत महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट म्हणून ओळखला जाणारा, तिथपासून ते कन्हान-तुमसरच्या चालू-बंद भट्ट्यांपर्यंत हा प्रश्न सगळ्यांना सारखाच आहे.

ज्यांचा माल रेघेवर असतो, त्या फाउंड्री आणि भट्टीवाल्यांनी माल मागवण्याआधी सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. जानेवारी २०२१पासून ते मुंबई आणि दिल्लीत बसते, फी १०,००० रुपये, आणि निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. निर्णय अर्जदारालाच बांधील असतो, शेजाऱ्याला नाही, त्यामुळे नोड्युलायझर मागवणाऱ्या प्रत्येकाने आपापला अर्ज केलेला बरा. अर्जासोबत लोहासहित पूर्ण पृथक्करण जोडावे. ‘बाकी’ असे लिहिलेले लोह चालत नाही, ते काढलेले हवे. माल आल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने दिलेला शुल्काचा आदेश विरोधात गेला तर आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवस असतात, पुढे फार तर ३० दिवसांची माफी. अपिलापूर्वी शुल्काच्या साडेसात टक्के भरावे लागतात.

आपल्या दैनिकाला एक विनंती. ‘फेरोवरील ड्यूटी’ अशी बातमी आली की तिच्यात आठ आकडी कोड, मूळ देश आणि सवलत कोणत्या कराराखाली, एवढे तरी छापावे. आणि आमच्या खासदारांना अर्थसंकल्पाच्या आधी जी निवेदने जातात, त्यांत सिलिकोचा दर मागणाऱ्यांनी खनिजाचा दरही मागावा. २६०२ आणि ७२०२ ३० हे दोन्ही आकडे एकाच ओळीत असावेत.

आपले,
फेरो भट्टी आणि तपासणी प्रयोगशाळेत काम करणारे काही तंत्रज्ञ,
तुमसर-रामटेक पट्टा